करमत नाही तेव्हा पाठीवरचा हात: एकटेपणा आणि स्पर्श यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आरोग्य सेविका म्हणून माझी सगळी नोकरी अमळनेर आणि चोपडा तालुक्यांतल्या उपकेंद्रांवर झाली. लशीचा डबा खांद्याला अडकवून तापीच्या दोन्ही काठांवरची गावं पायाखाली घातली. निवृत्त झाल्यापासून आम्ही चार-पाच जणी मिळून एकट्या पडलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या घरी जाऊन बसतो. तिथे, लग्नकार्यात, एसटीत शेजारी बसलेल्या बाईकडून जे प्रश्न मला पुन्हा पुन्हा विचारले जातात, ते इथे घेतले आहेत. विचारणाऱ्या बहुतेक सुना आणि लेकी असतात, किंवा बाहेरगावी नोकरीला असलेली मुलं. ज्यांना करमत नाही ती माणसं स्वतः फारसं विचारत नाहीत.

घरात सात माणसं आहेत, तरी आजी म्हणतात एकटं वाटतं. असं कसं?

खरं तर ‘एकटेपणा’ हा शब्द आजी वापरतच नाहीत. त्या म्हणतात, करमत नाही. अहिराणीत, ‘माले करमस नही’. कुणी म्हणतं, घर खायला उठतं. पुष्कळ जण तर तेवढंही म्हणत नाहीत. पाय ओढतात, झोप लागत नाही, छातीत धडधडतं अशी तक्रार घेऊन दवाखान्यात येतात. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत मीसुद्धा त्यांच्या हातावर गोळ्याच ठेवत होते.

एकटं असणं आणि एकटं वाटणं यांत फरक आहे. मळ्यात राखणीला बसलेला माणूस दिवस दिवस एकटा असतो आणि मजेत असतो. माणसाला जेवढी जवळीक हवी आणि जेवढी मिळते, त्यात अंतर पडलं की एकटं वाटतं. तुमच्या आजींना चहा वेळेवर मिळत असेल, गोळ्या मिळत असतील, ताट खाटेपर्यंत येत असेल. पण गेल्या आठ दिवसांत त्यांच्या अंगाला कुणाचा हात लागला का, एवढं आठवून पाहा. मी हे घरोघरी विचारते. एका सुनेने खूप वेळ आठवून सांगितलं, ‘दिवाळीला पाया पडले होते.’ तेव्हा पोळा जवळ आला होता. सांगता सांगता तिचेच डोळे भरून आले, कारण ती वाईट सून नव्हती. तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणा जाणवतो, आणि वर्षाला अंदाजे ८ लाख ७१ हजार मृत्यूंशी त्याचा संबंध जोडला गेला आहे.

एकटेपणा मनाचा. त्यात हात लावण्याचा काय संबंध?

मला तो कसा कळला ते सांगते. एका उपकेंद्रावर एक आजी दर मंगळवारी बीपी मोजायला यायच्या. बीपी दर वेळी चांगलं निघायचं. ‘आता महिन्याने आलात तरी चालेल,’ असं मी किती वेळा सांगितलं, पण पुढच्या मंगळवारी त्या पायरीवर हजर. मी मशीन काढायच्या आत त्या लुगड्याचा पदर मागे सारून, बाही वर करून हात टेबलावर ठेवायच्या. मी पट्टा गुंडाळायची, कोपराच्या खळगीत नाडी चाचपायची, आणि त्या डोळे मिटून घ्यायच्या. एकदा गर्दी होती म्हणून मी म्हटलं, आज राहू द्या. तर म्हणाल्या, ‘मशीन राहू दे. नुसता हात धर.’

त्या दिवसापर्यंत मी त्यांचा हात धरते हे माझ्या ध्यानात आलं नव्हतं. मी बीपी मोजत होते.

शास्त्राने याचं उत्तर गेल्या काही दशकांत शोधलं आहे. आपल्या केसाळ त्वचेत, म्हणजे पाठ, दंड, मनगटापासून कोपरापर्यंतचा हात, अशा ठिकाणी काही बारीक, सावकाश चालणारे मज्जातंतू असतात. काटा टोचला, चटका बसला हे सांगणारे तंतू वेगळे. हे सावकाश तंतू मायेने फिरवलेला हात ओळखतात. हात सेकंदाला साधारण एक ते दहा सेंटिमीटर या गतीने फिरला आणि त्वचेइतका कोमट असला, की ते सगळ्यात जास्त जागे होतात. त्याहून भरभर फिरवला तरी नाही, एका जागी ठेवला तरी तेवढे नाही. कुठल्याही आजीला नातवाला झोपवताना त्याच्या पाठीवरून हात फिरवायला सांगा आणि पट्टी धरून मोजा. गती तीच निघेल.

२००२ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी एका बाईंची तपासणी प्रसिद्ध केली. आजाराने त्यांचे स्पर्शाचे जाड, वेगवान तंतू निकामी झाले होते. अंगाला काय लागलं हे त्यांना नीट सांगता येत नव्हतं. पण हातावरून मऊ ब्रश हळू फिरवला की त्यांना काहीतरी अंधूक, सुखाचं जाणवायचं. म्हणजे ‘काय लागलं’ याचा रस्ता वेगळा आणि ‘कुणीतरी जवळ आहे’ याचा रस्ता वेगळा. दुसऱ्या रस्त्याला शब्द लागत नाहीत. कान गेले, डोळे अधू झाले, आठवण विरली, तरी तो बराच काळ उघडा असतो.

स्पर्शाने शरीरात नेमकं काय होतं?

थोडक्यात सांगायचं तर शरीराचा पहारा सैल होतो. एकट्या माणसाचं शरीर सतत सावध असतं, शेतात एकटं झोपणाऱ्याची झोप असते तसं. ओळखीच्या, विश्वासाच्या माणसाचा हात लागला की ताणाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसॉल कमी व्हायला मदत होते, श्वास लांबतो, नाडी खाली येते. जवळिकीशी जोडलेलं ऑक्सिटोसिन वाढतं. हे तेच द्रव्य, जे बाळ छातीला लावल्यावर आईला पान्हा फोडतं.

२००६ सालचा एक प्रयोग मला फार आवडतो. सोळा विवाहित बायकांना मेंदूची छबी काढणाऱ्या यंत्रात झोपवून सांगितलं, की पायाला विजेचा हलका झटका बसू शकतो. हात कुणी धरला नव्हता तेव्हा मेंदूतली भीतीची केंद्रं जोरात होती. अनोळखी माणसाने हात धरला तेव्हा थोडी शांत झाली. नवऱ्याने धरला तेव्हा सगळ्यात जास्त. आणि ज्यांचा संसार समाधानाचा होता त्यांच्यात फरक अधिक पडला. बाळंतपणाच्या खोलीत बाई दाईचा हात का आवळते, हे मी तीस वर्षं पाहिलं होतं. तो आवळ मेंदूपर्यंत पोचतो हे नंतर वाचलं.

पण याने एकटेपणा कमी होतो हे सिद्ध झालंय का, की नुसती भावना?

२०२० साली इंग्लंड आणि मेक्सिकोतल्या लोकांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांना साधा, थोडासा स्पर्श केला गेला, त्यांनी जवळच्या नात्यांत आपली उपेक्षा होते असं कमी प्रमाणात सांगितलं. माझ्या मंगळवारच्या आजींचंच ते म्हणणं.

२०२४ मध्ये एका मोठ्या आढाव्यात जवळजवळ तेरा हजार माणसांवर झालेले अभ्यास एकत्र तपासले गेले. स्पर्शाने वेदना, चिंता आणि उदासी कमी होते असं त्यात दिसलं. मला कामाची वाटली ती पुढची गोष्ट: एका वेळी किती वेळ स्पर्श केला यापेक्षा किती वेळा केला याने जास्त फरक पडतो. महिन्यातून एकदा तासभर मालीश करण्यापेक्षा रोज जाता-येता पाठीवर हात ठेवलेला बरा.

मात्र स्पर्श हे सगळ्यावरचं औषध नाही. ज्याचं माणूस गेलंय त्याचं माणूस परत येत नाही. स्पर्श एवढंच करतो, की दिवस थोडा हलका होतो आणि माणूस बोलू लागतो. बोलणं सुरू झालं की पुढची मदत करता येते.

आमच्याकडे मिठी मारायची पद्धत नाही. सासूबाईंना मी कशी मिठी मारू?

मारू नका. दोघी अवघडून जाल.

इथे मला जरा विस्ताराने लिहावंसं वाटतं, कारण बाहेरून आलेले सल्ले इथेच अडतात. आपल्या खान्देशात माणसं एकमेकांना कमी शिवत होती असं कुणी म्हणालं, तर त्याने आपलं जुनं घर पाहिलेलं नाही. फक्त आपला स्पर्श उघडा येत नाही, कामाच्या निमित्ताने येतो. केसांना तेल लावणं, वेणी घालणं, उवा काढणं. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालणं. दिवाळीच्या पहाटे पाठीला उटणं चोळणं. दमून आलेल्या सासऱ्यांची पाठ नातवाने चेपणं, तीही पाठीवर उभं राहून. दृष्ट काढताना गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं कडाकडा मोडणं. उन्हाळ्यात धाब्याच्या घरांवर सगळं घर ओळीने झोपायचं, एका गोधडीत दोन पोरं आणि मधे आजी. ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, करायच्या दिवसांत गल्लीतल्या बाया गुडघ्याला गुडघा लावून बसायच्या. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या पोरी एका झोक्यावर दोघी उभ्या राहायच्या. यातलं एकही कुणी ‘प्रेम दाखवायचं’ म्हणून केलं नाही. काम होतं, सण होता, जागा कमी होती.

आता काम गेलं. घरावर स्लॅब आला, खोलीखोलीत पंखा आणि कूलर आला, पापड-बिबडे विकत मिळू लागले, केस कापून छोटे झाले. सोय झाली, बायकांच्या कंबरा वाचल्या, मला ते जुने कष्ट परत नकोत. पण कामाबरोबर त्याच्या पोटातला स्पर्शही निघून गेला, आणि त्याची जागा कशानेच भरली नाही.

म्हणून माझं सांगणं असं, की मिठी शोधू नका, निमित्त शोधा. ‘आत्या, डोकं कोरडं दिसतंय, तेल लावून देऊ?’ ‘नखं वाढलीत, द्या इकडे पाय.’ ‘गुडघ्याला मलम मी लावते, तुम्हाला वाकवत नाही.’ चष्म्याची काच पुसून तो त्यांच्या कानांवर तुम्हीच चढवा. एसटीत चढताना दंड धरा, आणि आत बसल्यावर लगेच सोडू नका.

बाबा वारल्यापासून आई मिटून गेली आहे. घरात तिला कुणी काही बोललं नाही, तरी असं का?

बोललं नसेल. पण तिच्या अंगाला लागणारे हात एका दिवसात किती कमी झाले ते मोजा. नवऱ्याचा गेला. सवाष्णी एकमेकींच्या कपाळाला कुंकू लावतात तो गेला. ओटी भरणं गेलं, हळद लावणं गेलं. कासारणीपुढे बसून बांगड्या भरणं गेलं. त्यात कासारीण तळहाताची घडी करते, अंगठ्याचं मूळ दाबते, हात आपल्या मांडीवर घेऊन एकेक बांगडी सरकवते. बाई तिथे अर्धा तास बसते, आणि तेवढा वेळ तिचा हात कुणाच्या तरी हातात असतो. दहाव्या दिवसानंतर हे सगळं एकदम बंद. वर लग्नात नवरीला हात लावायला नको म्हणून ती स्वतःच मागे उभी राहते.

हा शोक वेगळा आणि ही उपासमार वेगळी. शोकाला वेळ द्यावा लागतो. उपासमार आपण थांबवू शकतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं अशा विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर गावांनाही तसं आवाहन केलं. तुमच्या गावाने ठराव केला असो वा नसो, तुमच्या उंबऱ्याच्या आत तो लागू करायला ग्रामसभा लागत नाही. नातीच्या हळदीला पहिली हळद आजीच्या हातून लावून घ्या. संक्रांतीला तिच्या कपाळाला बोट टेकवा. ती ‘नको, नको’ म्हणेल. एका घरात अशाच एका आईने मान मागे घेतली, लेकीने हनुवटी धरून पुन्हा पुढे केली आणि टिकली लावली. त्यानंतर त्या माउलीने लेकीचा तो हात बराच वेळ आपल्या गालाशी दाबून धरला.

मी पुण्यात, भाऊ सुरतला. रोज व्हिडिओ कॉल करतो. तेवढं पुरत नाही का?

कॉल चालू ठेवा. आवाजाला मोल आहे, चेहऱ्यालाही आहे. पण पडद्याने पाठीवर हात ठेवता येत नाही, हे मान्य करून पुढची आखणी करा.

घरी याल तेव्हा पहिली पाच मिनिटं जपा. मुलं येतात, वाकून नमस्कार करतात, बॅग ठेवतात आणि चार्जर शोधतात. वाकलेल्या लेकराच्या डोक्यावर आईचा हात असतो तेवढा वेळ थांबा, घाई करू नका. मग तिच्या खाटेवर बसा, समोरच्या खुर्चीवर नको. श्रावणात कानबाईच्या सणाला भाऊबंद रोट, म्हणजे देवीचा प्रसाद, खायला एकत्र येतात, सुरतेची गाडी भरून येते. त्या दोन दिवसांत घरात माणसं मावत नाहीत आणि म्हातारी माणसं टवटवीत दिसतात. ते फक्त पुरणामुळे नाही.

मधल्या महिन्यांसाठी गावातलं एक माणूस बघा. औषधं आणून देणारं कुणीतरी बहुतेकांनी बघितलेलं असतं. त्याच माणसाला सांगा, की गोळ्यांची पिशवी दारातून देऊन जाऊ नको, आत जाऊन बस, आईच्या हातात हात दे.

वडील अंगाला हात लावू देत नाहीत. पुरुषांना याची गरज नसते का?

तेवढीच असते, वाटा मात्र कमी असतात. आपल्या पुरुषांना लहानपणी आखाड्यात, विहिरीत पोहताना, बैलाच्या मानेवर हात फिरवताना जो स्पर्श मिळतो, तो वाढत्या वयाबरोबर आटतो. नंतर एकटी बायको उरते, आणि ती गेली की काहीच नाही. बैल विकल्यावर आजारी पडलेले शेतकरी मी पाहिले आहेत. घरच्यांना वाटतं पैशाचा घोर. रोज पहाटे ज्या पाठीवर हात फिरत होता ती पाठ गोठ्यात नाही, हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

वडिलांना दाढी-कटिंगला दुकानात घेऊन जा. डोक्याची मालीश करून घेताना कुठल्याही पुरुषाला लाज वाटत नाही. नातवाला त्यांच्या मांडीवर बसवा. जुना दोस्त आला तर दोघांना ओट्यावर एकाच बाजेवर बसू द्या. आणि तुम्ही मुलगा असाल तर शेतातून परतताना त्यांच्या खांद्यावर हात टाका. पहिल्या वेळी ते चमकतील.

म्हाताऱ्या माणसाला मालीश करताना काय सांभाळायचं?

तीळतेल किंवा खोबरेल, कोमट, थोडंच. त्यांची त्वचा कागदासारखी पातळ असते, म्हणून घासायचं नाही, तळहात सपाट ठेवून सावकाश फिरवायचं. पाठ, खांदे, दंड, तळवे. बोलायला हवंच असं नाही. तेल लावल्यावर तळवे पुसा, नाहीतर न्हाणीत पाय घसरतो.

एकाच पायाची पोटरी सुजली असेल, गरम आणि दुखरी असेल, तर चोळू नका. आत रक्ताची गुठळी असू शकते, डॉक्टरांकडे न्या. ताज्या मुक्या माराला, पडल्यानंतर दुखणाऱ्या कंबरेला, जखमेला, पुरळ उठलेल्या जागेला हात लावू नका. मधुमेह असेल तर शेक देताना फार जपा, कारण पायांना चटका कळत नाही. उलट रोज तेल लावायच्या निमित्ताने तळवे नीट बघा. उन्हाळ्यात अंगणात अनवाणी चालून भाजलेले आणि आठ दिवस कुणालाच न कळलेले पाय मी पाहिले आहेत.

क्षय, कुष्ठरोग, एचआयव्ही असलेल्या माणसाला हात लावला तर आजार होतो का?

क्षय हात लावल्याने होत नाही, तो खोकल्यातून हवेने पसरतो. एचआयव्ही हात धरल्याने, मिठीने, एका ताटात जेवल्याने होत नाही. कुष्ठरोगाचं औषध सुरू झालं की रोगी दुसऱ्याला लागण देत नाही, आणि एरवीही नुसत्या हस्तांदोलनाने, शेजारी बसल्याने तो लागत नाही. स्पर्शाने पसरते ती खरूज. तिच्यावर साधं मलम असतं, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी लावलं की जाते.

या आजारांत माणूस आधी घाबरलेला असतो, त्यात घरातले ताट-वाटी वेगळी करतात आणि दोन हात लांब उभं राहून बोलतात. गोळी चालू ठेवायचं बळ अशाने येत नाही.

आणि शिवाशिव?

हा प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून मीच लिहिते. राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने अस्पृश्यता संपवली. तरी हातात न देता वरून पैसे टाकणं, पाणी उंचावरून ओतणं मी माझ्या नोकरीत पाहिलं आहे. ज्या आजींना आयुष्यभर कुणी सहज हात लावला नाही, त्यांची नाडी बघताना त्या आपलं मनगट आधी पदराने पुसून पुढे करायच्या. हा एकटेपणा म्हातारपणाने आलेला नाही, गावाने दिलेला आहे. एका वेगळ्या अर्थाने तेच पाळीत ‘बाजूला बसवलेल्या’ मुलीचं. पोट दुखत असतं तेव्हाच तिला आईच्या हाताची गरज सर्वांत जास्त असते, आणि तेव्हाच ‘शिवू नको’. एकटेपणाबद्दल बोलायचं आणि यावर गप्प राहायचं, हे मला जमत नाही.

बाळाला सारखं घेतलं तर त्याला हाताची सवय लागते म्हणतात. खरं का?

लहान बाळाला घेतल्याने ते बिघडत नाही. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी त्वचेला त्वचा लावून ठेवायची कांगारू पद्धत १९७० च्या दशकाच्या शेवटी कोलंबियात, बोगोटात सुरू झाली, कारण तिथे बाळांना उबेत ठेवायच्या काचेच्या पेट्या कमी होत्या. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या, भारतासह पाच देशांतल्या अभ्यासात जन्मानंतर लगेच असं ठेवलेल्या बाळांचे मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने कमी झाले.

यात बाळंतिणीला विसरू नका. सव्वा महिना खोलीत, येणारा प्रत्येक जण बाळाला हात लावतो, तिला कुणीच नाही. बाळंतिणीला चोळून न्हाऊ घालणारी बाई परवडत असेल तर आणा, नसेल तर आईने, सासूने तिचं डोकं चोळावं.

सगळ्यांनाच स्पर्श हवा असतो का?

नाही. कुणाला मुळात कमी आवडतो, स्वमग्न मुलांना तर काही स्पर्श खुपतात. कुणाच्या वाट्याला पूर्वी घाणेरडा स्पर्श आलेला असतो, आणि त्यांचं शरीर ते विसरत नाही. म्हणून आधी विचारा, किंवा हात पुढे करून थांबा. समोरचा आपला हात देतो की आक्रसून घेतो हे अर्ध्या क्षणात कळतं. आक्रसला तर शेजारी बसा, तेवढं पुष्कळ आहे. नको असलेला हात माणसाला अधिकच एकटं पाडतो.

मुलांच्या बाबतीत तर हा नियम मोडूच नका. ‘काकांना पापा दे’ अशी जबरदस्ती करू नका. ज्या मुलाला घरी ‘नको’ म्हणता येतं, त्याला बाहेरही म्हणता येतं. मुलाने कुणाच्या स्पर्शाबद्दल तक्रार केली तर त्याच्यावर विश्वास ठेवा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक आहे, आणि मुलांना लैंगिक अत्याचारापासून वाचवणारा २०१२ चा पोक्सो कायदा त्यासाठीच आहे.

घरात कुणीच नाही. मग मी काय करू?

मांजर, शेळी, वासरू यांच्या अंगावर हात फिरवणं खोटं समाधान नाही, शरीर त्याने खरंच शांत होतं. जुन्या लुगड्यांची जड गोधडी झोपेला मदत करते. आंघोळीनंतर स्वतःच्या हातापायांना सावकाश तेल लावा. त्याच २०२४ च्या आढाव्यात वस्तूंच्या स्पर्शाचाही शरीराला फायदा दिसला, मनाला मात्र माणसाचा स्पर्श जास्त मानवला. म्हणून भजनी मंडळात, बचत गटाच्या बैठकीत, देवळात आरतीला जा, जिथे खांद्याला खांदा लागतो. जाताना एकीचा हात धरून जा, रस्ता खराब आहे म्हणून.

स्पर्शाने भागत नाही हे कधी ओळखायचं?

दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप-भूक गेली असेल, आवडीच्या गोष्टीत जीव रमत नसेल, ‘मी ओझं झालोय’, ‘देवाने न्यावं आता’ असं वारंवार बोलणं होत असेल, तर तो उदासीनतेचा (डिप्रेशनचा) आजार असू शकतो आणि त्याला उपचार आहेत. ‘म्हातारपणी असंच होतं’ म्हणून सोडू नका. टेली-मानस या मनाच्या आजारांसाठीच्या सरकारी फोनसेवेवर, १४४१६ वर, दिवसरात्र मराठीतही बोलता येतं. ज्येष्ठांसाठी १४५६७ हा मदत क्रमांक आहे. जीव द्यायची भाषा आली तर त्या माणसाला एकटं सोडू नका. फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. नेताना गाडीत शेजारी बसा आणि हात धरा.

माझे हात खरखरीत आहेत, कापूस वेचून भेगा पडलेल्या. आणि थंडीत गार असतात. चालतील का?

खरखरीत चालतात. त्यांनाही कापूस वेचलेलेच हात ओळखीचे आहेत. गार मात्र नकोत, ते सावकाश तंतू कोमट हाताला जागतात. पौषात संध्याकाळी भाकरी झाल्यावर चुलीत निखारे असतात, किंवा गॅसवर नुकता उतरवलेला तवा असतो. त्यावर दोन्ही तळवे लांबूनच शेकून घ्या, एकमेकांवर चोळा, गालाला लावून ऊब बघा, आणि मग आजींच्या खाटेकडे जा.